घरी वेगळा, शाळेत वेगळा: वर्तनविकार असलेल्या मुलासाठी पालक आणि शिक्षकांनी मिळून काय करायचं

“आमच्याकडे तो असं कधीच वागत नाही हो.” वर्गशिक्षिकेने मुलाच्या वागण्याचा विषय काढला की बहुतेक पालकांच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघतं. बाईंना वाटतं, हे लोक झाकाझाकी करताहेत. पालकांना वाटतं, बाईंना वर्ग आवरत नाही आणि त्यांनी आमच्या पोरावर डूख धरलाय. मग उरलेली भेट कोण खरं बोलतंय हे ठरवण्यात संपते.

खरं दोघंही बोलत असतात. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ थॉमस आकेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे ११९ अभ्यास एकत्र तपासले. एकाच मुलाच्या वागण्याबद्दल पालक आणि शिक्षक अशा वेगवेगळ्या भूमिकांतल्या माणसांनी दिलेल्या माहितीतला सहसंबंध सरासरी ०.२८ निघाला. पूर्ण जुळलं तर १, काहीच नातं नसेल तर ०. म्हणजे फारसं न जुळणं हीच सर्वसाधारण गोष्ट आहे. घरी मुलाला कुणी सलग पाऊण तास एका जागी बसवत नाही, आजूबाजूला तीस-चाळीस मुलं नसतात, चुकलं तर हसणारं कुणी नसतं. उलट शाळेत घंटा असते, वेळापत्रक असतं, पुढे काय होणार हे ठाऊक असतं. काही मुलं त्यामुळेच शाळेत शांत राहतात आणि घरी आल्यावर उसळतात.

या फरकावरून भांडण्यापेक्षा तो नीट पाहावा. मुलाला काय जड जातं आणि कशाने आधार मिळतो, याचा पहिला धागा तिथेच सापडतो. पुढच्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: निदान आपण करायचं नाही

वर्तनविकार म्हटलं की तीन नावं कानावर येतात. एडीएचडीमध्ये (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर) लक्ष टिकत नाही, अंग स्थिर राहत नाही, विचाराआधी हात चालतो. तसा तो मेंदूच्या वाढीशी निगडित विकारांत मोडतो, पण वर्गात दिसतो तो ‘वागणूक’ म्हणूनच. ओडीडीमध्ये (ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर) चिडचिड, मोठ्यांशी सतत हुज्जत, सांगितलेलं मुद्दाम न करणं आणि मनात डूख धरणं असतं. तिसरा आचरणविकार. मारामारी, चोरी, वस्तूंची नासधूस, पळून जाणं, असं दुसऱ्यांच्या हक्कांवर घाला घालणारं वागणं त्यात वारंवार दिसतं.

डीएसएम-५ या निदानपुस्तिकेप्रमाणे एडीएचडीसाठी लक्षणं किमान ६ महिने टिकलेली असावी लागतात, त्यांतली काही १२ वर्षांच्या आतच दिसलेली असावी लागतात आणि ती एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात. त्यामुळे शिक्षकांचं म्हणणं कळल्याशिवाय डॉक्टरांना हे निदान नीट करता येत नाही. बरेच तज्ज्ञ पालक आणि शिक्षक दोघांकडूनही प्रश्नावली भरून घेतात. रॉबर्ट गुडमन यांची १९९७ मधली २५ प्रश्नांची एसडीक्यू त्यांतलीच एक. ती भरताना एकमेकांना विचारून उत्तरं जुळवू नयेत. डॉक्टरांना दोन स्वतंत्र नजरा हव्या असतात.

शिक्षकांनी “याला एडीएचडी आहे असं वाटतं” हे वाक्य टाळावं. पालक तिथेच बिथरतात आणि पुढचं काही ऐकत नाहीत. काय दिसलं तेवढं सांगावं. पालकांनीही निदान झालेलं असेल तर ते लपवू नये. शिक्का बसेल ही भीती समजण्यासारखी आहे, पण शिक्का तसाही बसतो. कारण माहीत नसलं की तो ‘वाया गेलेला’ असा बसतो.

तज्ज्ञांकडे जाण्याआधी किंवा जाता जाता काही साध्या गोष्टी तपासून घ्या. ऐकू नीट येतं का, फळ्यावरचं दिसतं का, झोप पुरते का, वाचन-लेखनात अडतं का, कुणी छळतंय का, घरात नुकतं काही घडलंय का. ऐकू कमी येणारं मूल ‘हट्टी’ म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खातं, असं होतं.

पायरी २: पहिली भेट

ही भेट फाटकाशी उभ्या उभ्या होऊ नये. निकालाच्या दिवशी, मागे दहा पालक रांगेत असताना तर नकोच. वेळ ठरवून, अर्धा तास, दार लावून. मूल शेजारी बसवून त्याच्यासमोर तक्रारींचा पाढा वाचू नका. शक्य असेल तर आई-वडील दोघांनी यावं. एकटी आई आली की घरी जाऊन निरोप सांगायचं आणि त्यावरून बोलणी खायचं काम तिच्याच वाट्याला येतं.

शिक्षकांनी सुरुवात मुलाच्या एखाद्या खऱ्या चांगल्या गोष्टीने करावी. “हुशार आहे, पण…” हे वाक्य पालकांना पाठ असतं, त्याला काही किंमत उरलेली नाही. “परवा प्रयोगाचं सामान त्याने न सांगता आवरून ठेवलं” असं काहीतरी नेमकं हवं. त्यानंतर अडचण सांगावी. तीही नेमकी.

फरक कसा पडतो पाहा. डायरीत शेरा येतो: “वर्गात त्रास देते. लक्ष नाही. घरी समजावणे.” आता पालकांनी काय समजावायचं? त्याऐवजी: “आज लेखनाच्या तासाला वही काढायला सांगितल्यावर तिने वहीचं पान फाडलं आणि बाकाखाली जाऊन बसली. दहा मिनिटांनी स्वतःहून वर आली. चित्रकलेच्या तासाला छान रमली होती. घरी लिहायला बसताना असं होतं का?” हा शेरा वाचून पालकांच्या हातात काहीतरी पडतं, आणि शेवटच्या प्रश्नामुळे तो आरोप वाटत नाही.

पालकांनी काय न्यायचं? एका कागदावर तीन-चार ओळी पुरेत: मूल कशाने बिथरतं, कशाने शांत होतं, कशात रमतं, कुठलं औषध चालू आहे. आणि एक प्रश्न: “तुम्हाला सगळ्यात जास्त अडचण दिवसातल्या कुठल्या वेळी होते?”

भेटीतून उठताना तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात: आधी कुठल्या एका वागण्यावर काम करायचं, निरोप कसा द्यायचा आणि पुन्हा कधी भेटायचं.

पायरी ३: दोन आठवडे नुसतं पाहा आणि लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि थेट उपायांवर उडी मारतात. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे असतं. शाळेत आणि घरी, दोन्हीकडे एकेक साधी वही ठेवा. पानावर तीन रकाने: आधी काय झालं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. सोबत वार आणि वेळ.

वरच्याच मुलीचं उदाहरण पुढे नेऊ. शाळेच्या वहीत असं दिसेल:

सोमवार, ११.२०. आधी: फळ्यावरचा उतारा उतरवून घ्यायला सांगितला. वागणं: पान फाडलं, पेन्सिल फेकली. नंतर: वर्गाबाहेर उभं केलं, तास संपेपर्यंत.

बुधवार, ११.१५. आधी: निबंध लिहायला घेतला. वागणं: शेजारणीची वही ओढली, भांडण. नंतर: मुख्याध्यापकांच्या खोलीत पाठवलं.

आणि घरच्या वहीत:

सोमवार, संध्याकाळी ६. आधी: “गृहपाठ काढ” म्हटलं. वागणं: दप्तर भिरकावलं, रडारड. नंतर: आजी म्हणाली, राहू दे आता, दमलीये.

दोन वह्या शेजारी ठेवल्या की जे कुणालाच एकट्याने दिसलं नव्हतं ते दिसतं. तिन्ही वेळा आधी लिहिण्याचं काम होतं. तिन्ही वेळा नंतर ते काम टळलं. ‘शाळेत भांडकुदळ’ आणि ‘घरी रडूबाई’ अशा दोन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचा उगम एकच निघाला.

नोंदीत विशेषणं नकोत. ‘उद्धट’, ‘आळशी’, ‘नाटकी’ हे शब्द आले की समजा आपण पाहायचं सोडून निकाल द्यायला लागलो. जे कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच लिहायचं. रोज प्रत्येक प्रसंग टिपला पाहिजे असंही नाही. चाळीस मुलांच्या वर्गात ते जमणारही नाही. ठरवलेलं एक वागणं, तेवढंच. आणि ज्या दिवशी काहीच झालं नाही त्या दिवशी काय वेगळं होतं, तेही एका ओळीत लिहा.

पायरी ४: या वागण्यातून मुलाला काय मिळतंय?

वागण्यामागचे हेतू साधारण चार घरांत बसतात: लक्ष वेधणं, नकोशा गोष्टीतून सुटणं, हवी ती वस्तू किंवा संधी मिळवणं, आणि शरीराला लागणारी संवेदना मिळवणं किंवा टाळणं. हेतू कळला नाही तर शिक्षा आणि बक्षीस यांची अदलाबदल होते. आपल्या मुलीला वर्गाबाहेर उभं करणं ही शिक्षा वाटली, पण तिला लेखनातून सुटी हवी होती आणि ती मिळाली. उद्या ती पुन्हा तेच करणार. ती कावेबाज आहे म्हणून नाही, तो मार्ग चालतो हे ती शिकली म्हणून.

मोठी माणसंही यात शिकत असतात. गेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने घरांमधल्या रोजच्या झगड्यांची बारकाईने निरीक्षणं करून हे चक्र मांडलं. मोठ्यांनी काही सांगितलं, मुलाने आरडाओरडा केला, मोठ्यांनी माघार घेतली, लगेच शांतता. मुलाला कळतं की ओरडलं की काम टळतं. मोठ्यांना कळतं की माघार घेतली की शांतता मिळते. दोघांचाही त्या क्षणी फायदा, आणि पुढच्या वेळचा आरडाओरडा आणखी मोठा. हे घरात घडतं तसं वर्गातही घडतं, म्हणून दोष कुणा एकावर ढकलता येत नाही.

नोंदींवरून काढलेला निष्कर्ष हा अंदाज असतो. दोघांनी मिळून तो मांडायचा आणि थोडा पडताळायचा. काम अर्धं करून दिलं तर? तोंडी उत्तर चालेल असं सांगितलं तर? त्याने वागणं बदललं तर अंदाज बरोबर असण्याची शक्यता मोठी. आणि मुळात लेखन इतकं जड का जातं, हा प्रश्न उरतोच. लेखन-अक्षमता आहे का, याची तपासणी करून घ्यायची ती इथे.

पायरी ५: छोटी योजना, दोन्हीकडे एकच

योजना एका पानात मावली पाहिजे. तीत चार गोष्टी असाव्यात.

पहिली, आधीच काय बदलायचं. लिहायचा उतारा दोन तुकड्यांत देणं, काम सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी कल्पना देणं, जागा बदलणं. वर्गातले निम्मे प्रसंग इथेच विरून जातात असा माझा अनुभव आहे, आणि तरीही सगळी चर्चा ‘केल्यावर काय शिक्षा’ यावरच होते.

दुसरी, त्या वागण्याच्या जागी काय करायचं. “पान फाडू नकोस” एवढं सांगून भागत नाही. “नको वाटलं की हे लाल कार्ड बाकावर ठेव, दोन मिनिटं थांबायला मिळेल” हे शिकवावं लागतं. तेही शांत वेळी, सराव करून. सुटण्याचा सभ्य मार्ग आरडाओरड्याच्या मार्गापेक्षा सोपा आणि जलद असला तरच मूल तो वापरेल. गंमत म्हणजे पहिले काही दिवस मूल ते कार्ड फारच वापरतं. वापरू द्या. नंतर संख्या कमी करता येते.

तिसरी, नीट वागल्यावर काय. लगेच आणि नाव घेऊन केलेलं कौतुक: “कार्ड ठेवलंस आणि परत लिहायला लागलीस, छान.” काही मुलांना सगळ्यांसमोर केलेलं कौतुक नको असतं. त्यांना खुणेने चालतं.

चौथी, बिनसलंच तर काय. मोठ्यांनी वापरायचं एकच छोटं वाक्य ठरवा आणि शाळेत-घरी तेच वापरा. “आधी शांत, मग बोलू.” बस. संतापलेल्या मुलाला त्या क्षणी उपदेश ऐकू येत नाही. आणि नंतर काम पूर्ण टळू देऊ नका. दोन ओळी तरी लिहून घ्या.

मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर योजना ठरवताना शेवटची दहा मिनिटं त्यालाही बसवा. मोठी मुलं तर पहिल्यापासून हवीत.

पायरी ६: रोजचं कार्ड

घर आणि शाळा जोडणारं सगळ्यात कामाचं साधन हे आहे, आणि खर्च शून्य. अर्ध्या कागदावर दिवसाचे तास आडवे, दोन किंवा तीन उद्दिष्टं उभी. प्रत्येक तासाच्या शेवटी शिक्षकांनी हो किंवा नाही अशी खूण करायची. लिहायला वेळ लागू नये. लागला तर तिसऱ्या दिवशी कार्ड बंद पडतं.

उद्दिष्ट मोजता येईल असं आणि ‘काय करायचं’ या भाषेत हवं. ‘नीट वागणे’ नको. ‘सांगितल्यावर एका मिनिटात वही काढली’, ‘मदत हवी असताना हात वर केला’ असं हवं.

सुरुवातीची पातळी मुद्दाम खाली ठेवा. मूल आत्ता दिवसातल्या सहा तासांपैकी तीनदा हे करत असेल, तर लक्ष्य तीन किंवा चारचं. पहिल्या आठवड्यात पाचांपैकी चार दिवस तरी त्याला यश मिळालं पाहिजे. सहापैकी सहा असं लक्ष्य ठेवलं तर पहिल्याच तासाला खूण हुकते आणि उरलेल्या दिवसात प्रयत्न करण्याचं कारणच राहत नाही.

घरी कार्ड आलं की त्याच संध्याकाळी ठरलेली गोष्ट मिळावी. खर्चिक काही नको: बाबांबरोबर वीस मिनिटं खेळ, रात्रीची गोष्ट आपण निवडायची, झोपायची वेळ पंधरा मिनिटं पुढे. महिन्याअखेरीस सायकल, हे लहान मुलाच्या दृष्टीने कधीच नाही असं असतं. लक्ष्य हुकलं तर “आज नाही झालं, उद्या पाहू” एवढंच. शाळेत जे व्हायचं ते झालेलं असतं, त्यावर घरी दुसरी शिक्षा नको. कार्डामुळे मार बसतो असं एकदा कळलं की कार्ड हरवायला लागतं, आणि ते मुलाचं शहाणपणच म्हणायचं. मारामुळे हे विकार बरे होत नाहीत, आक्रमकता मात्र वाढते. घरात कुणी हात उचलतं अशी शंका असेल तर शिक्षकांनी ‘नाही’च्या खुणा घरी पाठवण्याआधी समुपदेशकांशी बोलून घ्यावं.

मध्येच बिघडल्यासारखं वाटेल

योजना सुरू झाली की काही दिवसांत वागणं अचानक वाढू शकतं. आधी ओरडून काम टळत होतं, आता टळत नाही, म्हणून मूल आणखी मोठ्याने ओरडून पाहतं. हे अपेक्षित आहे. याच टप्प्यावर एक जण म्हणतो, “बघा, काही उपयोग नाही,” आणि माघार घेतो, म्हणजे आता आणखी मोठ्याने ओरडलं की चालतं हे मूल शिकतं. म्हणून शिक्षकांनी पालकांना हे आधीच सांगून ठेवावं, आणि आजी-आजोबांनाही कुणीतरी सांगावं. दोन-तीन आठवडे नीट राबवूनही काहीच हललं नाही, तर मात्र हेतूचा अंदाज चुकला असणार. नोंदींकडे परत जा.

निरोप, औषधं आणि इतर पालक

निरोपाची एकच वाट ठेवा: डायरी किंवा ठरलेल्या वेळी एक संदेश. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाचं नाव घेऊन एक अक्षरही नको. रात्री अकराला आलेल्या लांबलचक संदेशाला शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं तर पालकांनी रागावू नये. आणि आठवड्यातून एकदा तरी फक्त चांगलं सांगायला फोन करावा. शाळेचा नंबर दिसला की ज्या आईच्या पोटात गोळा येतो, तिच्याशी नातं सुधारायला हा फोन पुरेसा असतो.

औषध चालू असेल तर शिक्षकांची नोंद डॉक्टरांच्या फार कामाची. एडीएचडीसाठी दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेटच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो. सकाळची गोळी दुपारच्या तासांना ओसरलेली असते, आणि संध्याकाळी पालकांना चिडचिडं मूल भेटतं. शाळेत शांत, घरी त्रासदायक, याचं कारण कधी कधी एवढंच असतं. भूक आणि झोपेकडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. मात्रा बदलायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. शिक्षकांनी “गोळी वाढवून घ्या” असं सुचवू नये, आणि पालकांनी शाळेला न सांगता ती बंद करू नये.

इतर पालक तक्रार घेऊन येतील. ज्याला मार बसला त्या मुलाचीही बाजू असते, ती झटकू नका. “आम्ही उपाय करतोय, तुमच्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी हे हे केलंय” एवढं सांगावं. निदान, औषध, घरची परिस्थिती यांतलं काहीही बाहेर जाऊ नये.

थांबायचं नाही अशा वेळा

मूल स्वतःला इजा करत असेल, मरणाची भाषा बोलत असेल, शस्त्रासारखी वस्तू बाळगत असेल, प्राण्यांना किंवा लहान मुलांना छळत असेल, आगी लावत असेल किंवा घरातून पळून जात असेल, तर नोंदवही आणि कार्ड बाजूला ठेवा. त्याच दिवशी एकमेकांना कळवा आणि बालमानसोपचारतज्ज्ञ गाठा. अत्याचाराची शंका असेल तर बालसंरक्षणाची जी यंत्रणा असेल तिला कळवणं हे शिक्षकाचं काम आहे, पालक दुखावतील म्हणून ते टाळायचं नाही.

वर्ग बदलताना

वर्षभराची मेहनत जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांपाशी शून्यावर येते, हे फार ठिकाणी होतं. म्हणून वर्ष संपायच्या आधीच जुने शिक्षक, नवे शिक्षक आणि पालक यांची एक छोटी भेट ठरवा आणि एक पान सोपवा. त्यावर लिहा: कुठल्या वेळी अडतं, आधी काय बदललं की चालतं, ठरलेलं वाक्य कुठलं, कुठलं कार्ड वापरतो, काय करून पाहिलं आणि उपयोग झाला नाही, औषधाची वेळ, घरी कुणाला फोन करायचा. जुन्या भांडणांचा इतिहास त्या पानावर नको. मुलाला कशात रस आहे ते मात्र सगळ्यात वर लिहा, कारण नव्या शिक्षकांना पहिल्या दिवशी त्याच्याशी बोलायला तोच विषय लागणार आहे.